खांद्यातलं स्टिरॉइड: ‘हाडं पोकळ होतात’ हे कितपत खरं?

खांदेदुखीवर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन म्हटलं की ऐकू येतं, ‘एकदा घेतलं की सवय लागते, हाडं ठिसूळ होतात.’ ही भीती आली ती महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवरून. सांध्यात दिलेल्या एका इंजेक्शनला ती लागू नाही. खांद्यात साधारण 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन (ही दोन्ही स्टिरॉइडच), सोबत तेवढीच जागा बधिर करणारं भुलीचं औषध देतात. सवय लागत नाही. मूळ आजार उरला तर दुखणं परततं, एवढंच.

म्हणून ते निरुपद्रवी आहे असंही नाही. थोडं औषध रक्तात जातंच. मधुमेह असेल तर साखर काही दिवस, कधी आठवडाभर चढते. तेव्हा घरी रोज तपासा आणि इन्सुलिन घेत असाल तर डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. (फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून दुखण्याचा आजार, मधुमेहींनाच जास्त होतो, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही.) पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं; बर्फाने शेकावं. सुईच्या जागी कातडी फिकी पडू शकते. औषध थेट स्नायूबंधात (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) गेलं किंवा वारंवार दिलं, तर तो कमकुवत होतो. म्हणून त्याच खांद्यात दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने अंतर ठेवतात.

सांध्यात जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण ताप, लाली किंवा दिवसागणिक वाढणारी कळ दिसली तर त्याच दिवशी दाखवा. खांद्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर इंजेक्शनआधीच सांगा.

आराम बहुधा काही आठवडे ते महिने टिकतो. खांद्याचा व्यायाम या आरामाच्या काळातच उरकायचा.