सभाभीती

मुलाखत, सादरीकरण, भाषण, तोंडी परीक्षा अशा प्रसंगांआधी वाटणारी भीती आणि तिच्याबरोबर शरीरात उठणारी खळबळ. समोरचे लोक आता आपल्याबद्दल मत बनवणार, ही जाणीव तिच्या मुळाशी असते. पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गार पडणे, पाय लटपटणे, बोबडी वळणे हे वाक्प्रचार म्हणजे या भीतीच्या लक्षणांची जवळजवळ पूर्ण यादीच आहे, आणि त्यांतला एकही नुसता अलंकार नाही. ज्याला ही भीती अडवत नाही तो सभाधीट. छाती त्याचीही धडधडते. पण ती धडधडत असताना काय करायचे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

शरीरात काय घडते

धोक्याची चाहूल लागली की शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था जागी होते आणि अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ असे केले. रक्त त्वचेकडून आणि आतड्यांकडून मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून बोटे गार पडतात आणि पोटात कालवाकालव होते. पातळ लाळ कमी होते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. स्नायू पळायच्या तयारीत ताणलेले असतात, पण माणूस खुर्चीत बसलेला किंवा एका जागी उभा असतो. न वापरलेला हा ताण हात आणि गुडघे थरथरण्यात दिसतो.

सर्वांत फसवे लक्षण श्वासाचे. भीतीने श्वास उथळ आणि जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे गरगरते आणि ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आपल्याला काहीतरी व्हायला लागले आहे असे वाटून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि गरगर वाढते.

हृदयाची गती सहसा बोलायला सुरुवात करताना, पहिल्या मिनिटाच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि नंतर आपोआप उतरू लागते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मात्र संथ चालते. त्याची पातळी प्रसंग सुरू झाल्यावर बऱ्याच मिनिटांनी, बहुधा तो आटोपल्यावर, शिखराला पोहोचते. मुलाखत संपून बाहेर आल्यावरही अंग हलके होत नाही, त्याचे हे एक कारण.

प्रयोगशाळेत हमखास ताण निर्माण करायला संशोधक जे वापरतात तेही मुलाखतीसारखेच असते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात बेतलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माणसाला चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे ५ मिनिटे नोकरीसाठी स्वतःची बाजू मांडावी लागते. त्यानंतर ५ मिनिटे १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्याने म्हणायचे: १००९, ९९६, ९८३... चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मुलाखतीत गारठणाऱ्यांनी स्वतःला भित्रे ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

भीती किती असावी

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. काम अवघड असेल तेव्हा मध्यम तीव्रतेच्या विजेच्या धक्क्याने उंदीर सर्वांत लवकर शिकले, फार सौम्य किंवा फार तीव्र धक्क्याने उशिरा. प्रशिक्षणवर्गांत दाखवला जाणारा घंटेच्या आकाराचा सुबक आलेख यातूनच पुढे आला. मूळ आकडे इतके सुबक नव्हते आणि ते उंदरांचे होते. तरी त्यातले एक व्यवहारात पटते: काम जितके नवे आणि गुंतागुंतीचे, तितकी कमी धडधड त्याला मानवते. म्हणून नवा मजकूर ऐनवेळी घुसडू नये. सरावाने रुळलेला मजकूर बऱ्यापैकी भीतीतही नीट बाहेर येतो.

भीती दाबण्याचा प्रयत्न बहुधा उलटतो. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगितले की तेच डोळ्यांपुढे येते, हे डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगाने दाखवले. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावण्याचेही तेच होते, कारण धडधडते हृदय ते ऐकत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांचे भाषण ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत हृदय सारखेच धावते, त्यामुळे नाव बदलणे सोपे आणि वेग उतरवणे अवघड.

पहिला मिनिट

धडधड पहिल्या मिनिटात टिपेला असते, तर तयारीचे वजनही तिकडेच झुकायला हवे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात: मधल्या स्लाइड रात्री उशिरापर्यंत घासूनपुसून ठेवतात आणि सुरुवात ‘तेव्हा सुचेल’ म्हणून सोडून देतात. तेव्हा सुचते ते असे: ‘नमस्कार, आवाज येतोय ना? वेळ तसा कमी आहे, तरी मी प्रयत्न करतो, थोडं सांभाळून घ्या.’ यात श्रोत्यांना काहीच मिळत नाही, आणि आपण डळमळीत आहोत हे बोलणाऱ्याने स्वतःच जाहीर केलेले असते. त्याऐवजी: ‘गेल्या तीन महिन्यांत आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या एकाच कारणाच्या आहेत. ते कारण आज दाखवतो.’ दोन वाक्ये, साधारण आठ सेकंद. पुढे काय येणार हे श्रोत्यांना कळते आणि त्यांचे लक्ष माणसावरून विषयावर जाते.

सुरुवातीची तीन-चार वाक्ये शब्दशः पाठ करावीत, आणि तेवढीच. संपूर्ण भाषण पाठ करणे ही धोक्याची वाट आहे, कारण पाठांतर साखळीसारखे असते. एक शब्द निसटला की पुढची कडी सापडत नाही. बाकीच्या भागासाठी पाच-सहा मुद्दे एका कार्डावर, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत, लांबून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावेत. कार्ड जाड आणि तळहाताएवढे असावे. पातळ ए-फोर कागद हातात धरला तर बोटांची बारीक थरथर त्याच्या मोकळ्या टोकाशी मोठी होऊन फडफडते. ती श्रोत्यांना दिसते, आणि दिसली हे वक्त्याला कळते. लेझर पॉइंटरचा ठिपका तर थरथर पडद्यावर मोठी करून दाखवतो; दोन्ही हातांनी धरावा किंवा वापरूच नये.

सराव उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात वाचणे हा सराव नव्हे. जीभ, श्वास आणि वेळ यांची त्यात परीक्षाच होत नाही. सबंध सादरीकरण तीन ते पाच वेळा आणि सुरुवात निदान दहा वेळा म्हणावी. प्रत्यक्षात वेग बहुधा वाढतो, पण प्रश्न आणि अडथळेही येतात; १० मिनिटे मिळणार असतील तर मजकूर ८ मिनिटांचा ठेवावा.

मध्येच डोके कोरे झाले तर आधीच्या वाक्याचा आशय वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावा, कार्डाकडे पाहावे, पाण्याचा घोट घ्यावा. पाण्याच्या बाटलीचे झाकण आधीच सैल करून ठेवलेले असावे. तीन-चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला ती विराम वाटते. भीतीचेही तसेच: आतली खळबळ लोकांना स्पष्ट दिसते आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्यातले फार थोडे दिसते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ च्या अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना हा भ्रम आधी समजावून सांगितला होता त्यांची भाषणे त्यांना स्वतःला आणि श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली.

मुलाखतीत पहिला मिनिट म्हणजे बहुधा ‘स्वतःबद्दल सांगा’. उत्तर ६० ते ९० सेकंदांचे असावे: सध्या काय करता, या पदाशी जुळणारे एखादे काम, आणि इथे का यायचे आहे. पहिले आणि शेवटचे वाक्य पक्के हवे. शेवटचे विशेष, कारण घाबरलेल्या माणसाला थांबायचे कुठे हे कळत नाही आणि उत्तर ‘वगैरे, असं सगळं...’ मध्ये विरघळते. हमखास विचारल्या जाणाऱ्या आठ-दहा प्रश्नांसाठी स्वतःच्या कामातले पाच-सहा खरे प्रसंग तयार ठेवावेत. प्रत्येकात परिस्थिती काय होती, आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केले, निष्पन्न काय झाले हे दोन मिनिटांत यावे. एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो. प्रश्न कळला नाही तर परत विचारावा, आणि ‘जरा विचार करून सांगतो’ म्हणायला हरकत नसते. ऑनलाइन मुलाखतीत पडद्यावरची स्वतःची चौकट झाकावी. आपलाच चेहरा पाहत बोलणे ही भीतीला दिलेली खुराकच.

श्वास, स्नायू, कॉफी

‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. लोक घाईघाईने मोठमोठे श्वास ओढतात आणि वर सांगितलेली गरगर ओढवून घेतात. भर उच्छ्वासावर हवा: नाकाने ४ सेकंद सावकाश आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदय किंचित मंदावते. ५ मिनिटे पुरतात. पण हे आठवडाभर रोज केलेले असावे. प्रतीक्षाकक्षात पहिल्यांदा करू पाहणारा श्वास मोजतामोजताच घाबरतो.

एडमंड जेकबसन यांच्या स्नायू सैलावण्याच्या पद्धतीची छोटी आवृत्ती खुर्चीत बसून, कुणाला न कळता करता येते: पायाची बोटे बुटात आवळून पाच-सात सेकंद धरायची, मग एकदम सोडून वीस सेकंद तशीच राहू द्यायची; नंतर मांड्या, मग फाइलखाली झाकलेल्या मुठी. कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटे ऐटीत उभे राहण्याचा उपाय २०१० च्या एका शोधनिबंधाने गाजला. २०१५ च्या मोठ्या पडताळणीत संप्रेरकांवरचा त्याचा परिणाम आढळला नाही, आणि मूळ लेखकांपैकी एकीने पुढच्या वर्षी आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले.

कॉफी नेहमीची तेवढीच घ्यावी. कॅफिन निम्मे उतरायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे जादा कप धडधडीत भर घालतो; रोज पिणाऱ्याने त्या दिवशी अजिबात न घेणेही डोकेदुखी आणते. ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. तासभर आधी गेल्यास तो तास भीती शिजण्यातच जातो.

दीर्घकालीन उपाय

भीड चेपते ती वापराने. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत भीतीच्या प्रसंगांची सोप्यापासून अवघडापर्यंत उतरंड करून एकेक पायरी चढायची असते: बैठकीत एक प्रश्न विचारणे, दोन सहकाऱ्यांपुढे पाच मिनिटे बोलणे, मग दहा जणांपुढे. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत टिकायचे. मध्येच पळ काढला तर सुटकेचा आनंद भीतीलाच बळ देतो, आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर येते.

भीतीपायी बढती नाकारणे, विषय बदलणे, सुट्टी टाकणे असे सहा महिने किंवा अधिक काळ चालले तर ती नुसती भीड राहत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत सामाजिक चिंताविकाराचा ‘केवळ सादरीकरणापुरता’ असा वेगळा प्रकार नोंदलेला आहे, आणि बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचाराचा, त्यावर चांगला उपयोग होतो. काही डॉक्टर प्रसंगापुरती प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा देतात. हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी शोधले. ते धडधड आणि थरथर रोखते, मनातले विचार नाही. दम्याच्या रुग्णांना ते घातक ठरू शकते, रक्तदाब आणि नाडी उतरवते. म्हणून मित्राकडची गोळी घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिली असली तरी पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी नव्हे, आधीच्या एखाद्या रिकाम्या दिवशी घरी घेऊन पाहावी.