खालचा जबडा मोडला असेल तर सूज उतरण्याची वाट पाहू नका

"सूज उतरू द्या म्हटलं, मग दाखवू." लातूर, बीड, धाराशिवकडून येणाऱ्या रुग्णांकडून आम्ही हे सारखं ऐकतो. तोवर पंधरा-वीस दिवस गेलेले असतात. हनुवटी उपरण्याने बांधलेली असते, कुणी लेप लावलेला असतो, कुणी चोळून घेतलेलं असतं. सूज उतरते, ठणका थांबतो आणि हाड सरकलेल्या जागीच धरू लागतं. मग ते पुन्हा मोकळं करून बसवावं लागतं. शस्त्रक्रिया लांबते, खर्च वाढतो. शिवाय दात असलेल्या भागात हाड मोडलं की जखम बहुधा तोंडात उघडते, लाळ आत जाते. जितका उशीर, तितकी पू होण्याची भीती जास्त.

सूज किती आहे यापेक्षा दात बघा. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, दातांच्या ओळीत पायरी पडली असेल, खालचा ओठ बधिर झाला असेल (ओठाची नस याच हाडातून जाते) किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल, तर त्याच दिवशी या. मात्र बेशुद्धी, उलट्या, मानेत दुखणं किंवा श्वासाला त्रास असेल तर आधी मोठं रुग्णालय गाठा. जबड्याचं नंतर पाहता येतं.

आपल्याकडे बहुतेक जबडे मोटारसायकलवरून पडून मोडतात. ऊसतोडीच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळणारेही असतात. अर्धं हेल्मेट डोकं वाचवतं, हनुवटी उघडीच राहते. भांडणातला ठोसा, जनावराची लाथ, फिट येऊन पडणं हीही कारणं आहेत. कसं लागलं ते खरं सांगा. पोलीस नोंद करावी लागली तरी उपचार थांबत नाहीत. मार कुठून बसला यावरून हाड कुठे मोडलं असेल याचा अंदाज येतो. गालावर ठोसा बसला तर अक्कलदाढेजवळचा कोपरा तपासावा लागतो. रुतलेल्या दाढेमुळे तिथलं हाड कमकुवत असतं.

हनुवटीवर पडलेल्या मुलांच्या पालकांनी हे नीट वाचावं. धक्का वर चढून कानापुढच्या सांध्याजवळ हाड मोडतो. बाहेर दिसते ती हनुवटीची जखम, तिला टाके पडतात आणि सगळे निश्चिंत होतात. पुढे काही महिन्यांनी मुलाचं तोंड उघडेनासं होतं, कारण सांधाच जखडलेला असतो. टाके घातले असले तरी सांध्याचा एक्स-रे काढून घ्या. मुलांमध्ये बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही, पण तोंडाचा व्यायाम लवकर सुरू करावा लागतो.

मोठ्यांमध्ये हाड फारसं सरकलेलं नसेल तर वरचे-खालचे दात एकमेकांना तारेने बांधून साधारण चार ते सहा आठवड्यांत काम होतं. सरकलेलं असेल तर आम्ही टायटॅनियमची छोटी प्लेट बसवतो. चीर बहुतेकदा तोंडाच्या आतून घेतो, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. त्रास नसेल तर प्लेट काढावी लागत नाही. "प्लेट बसवली, मग रबर कशाला?" असं विचारतात (वरच्या-खालच्या दातांना अडकवलेलं रबर). प्लेट हाड धरते, पण दातांची जुळणी पहिल्या काही दिवसांत रबरच सांभाळतं. घरी रबर कापून टाकलेला रुग्ण आला की आमची पुन्हा सुरुवात होते. तपासणीला बोलावतो तेही यासाठीच, आणि त्या भेटींचे पैसे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरलेले असतात.

तार असेपर्यंत ज्वारीची पातळ पेज, मुगाचं कढण, ताक, दूध घ्या. तंबाखू आणि गुटखा पूर्ण बंद. तार बांधलेली असेल तर कात्री-पक्कड सतत जवळ ठेवा. उलटी आली तर कुठली तार कापायची ते आम्ही घरच्यांना दाखवतो.

खर्च झेपणार नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात विचारा, आम्ही चिठ्ठी देतो. आमच्याकडे येताना आधीचे एक्स-रे आणि हसताना दात दिसतील असा जुना फोटो आणा. निखळलेला दात दुधात घालून आणा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून किती वेळ उपाशी राहायचं ते विचारून घ्या.