लिव्हर मऊ लागतोय की कडक?

मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक नीट लागत नाही असं वाटलं की बहुतेक जण आधी पॅड, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या पट्ट्या, बदलून टाकतात. मीही एकदा तेच केलं होतं. नवे पॅड आठवडाभर बरे चालले, मग पुन्हा तीच गत. दुसऱ्यांदा पॅड बदलायला बसलो तेव्हा फोर्कवरून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरून, खाली आलेला तेलाचा बारीक ओघळ दिसला. फोर्कमधलं तेल अडवणारं सील गळत होतं आणि तेल थेट कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, उतरत होतं. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी लिव्हर दाबून बघतो. डिस्क ब्रेकचं निम्मं निदान तिथेच होतं.

पुढच्या ब्रेकची एवढी काळजी का करायची? गाडीचा वेग कमी होऊ लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं पडतं. जोरात ब्रेक मारला तर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक एकटं करतं. गाडी आणि चालक मिळून २२० किलो धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगात त्यांच्याकडे सुमारे ३० हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत ९० मिलिलीटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. अडीच-तीन सेकंदांत ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. वेग दुप्पट झाला तर चौपट.

ही ताकद येते कुठून, हे पाहिलं की बिघाडही समजतात. बोटांनी १० किलोचा जोर लावला, तर लिव्हरच्या तरफेमुळे मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, द्रव ढकलणाऱ्या पंपाच्या) पिस्टनवर साधारण ६० किलो पडतात. त्या पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर आणि कॅलिपरमध्ये २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील, तर क्षेत्रफळ नऊपट होतं. पास्कलच्या नियमाने द्रवातला दाब सगळीकडे सारखाच, म्हणून पॅडवर साडेपाचशे किलोंच्या आसपास जोर पोचतो. पण जोर ५४ पट झाला की हालचाल तेवढ्याच पटीने घटते. लिव्हरचं टोक २७ मिलिमीटर आत आलं, तर पॅड जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो.

आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. अशा मास्टर सिलिंडरचा पिस्टन १० मिलिमीटर सरकला, तरी नळीत ढकललं जाणारं ब्रेक ऑइल फक्त सव्वा मिलिलीटर असतं. आता त्या नळीत अर्धा मिलिलीटर हवा अडकली आहे असं समजा. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र ब्रेकच्या दाबाखाली जवळपास नाहीशी होते. म्हणजे लिव्हरची चाळीस टक्क्यांच्या आसपास चाल नुसती बुडबुडा दाबण्यात गेली. लिव्हर स्पंजसारखा लागतो तो यामुळे. पटापट तीन-चार वेळा दाबल्यावर तो वर येत आणि घट्ट होत असेल, तर संशय हवेवरच घ्यावा.

मऊपणाचं दुसरं कारण जुनी रबरी नळी. एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा. ती फुगताना जाणवली तर बदलायची वेळ झाली. लिव्हर एकसारखा दाबून धरला आणि तो हळूहळू मुठीकडे बुडत गेला, तर प्रकरण गंभीर आहे. द्रव कुठेतरी बाहेर तरी गळतोय, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजून आतल्या आत मागे सटकतोय. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवूच नये.

याउलट लिव्हर कडक आहे, कमी चालीत घट्ट होतो, पण गाडी थांबत नाही. इथे दाब पोचतोय, घर्षण मिळत नाहीये. पॅडला तेल लागलं असेल, किंवा त्याचा पृष्ठभाग तापून काचेसारखा चकचकीत झाला असेल. डिस्क तर ब्रेक क्लीनरने पुसता येते, पण तेल प्यायलेला पॅड पॉलिशपेपरने घासून पूर्ववत होत नाही. तो टाकूनच द्यावा, आणि तेल आलं कुठून हेही शोधावं. साखळीवर मारलेला स्प्रे उडून डिस्कवर बसला, असंही होतं.

सरकत्या कॅलिपरमध्ये आणखी एक दोष लपून राहतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या धूळ-गंजाने जाम होतात. मग आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजत नाहीत, किंवा एकच पॅड तिरका झिजतो. पॅड काढलेच आहेत तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, ती जोडी बरंच काही सांगते. पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने तिथली रबरं फुगतात.

ब्रेक ऑइल हे नाव थोडं फसवं आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींचे द्रव ग्लायकॉल इथरपासून बनतात. खरं खनिज तेल या यंत्रणेत गेलं तर सील फुगून निकामी होतात. हे द्रव हवेतलं पाणी शोषतात, आणि खरी अडचण तिथे आहे. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर कॅलिपर तापतो, द्रवात वाफ होते आणि सकाळी ठणठणीत असलेला लिव्हर अचानक पोकळ लागतो. म्हणून वापर कमी असला तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळू नये. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच भरावं.

पॅड झिजतात तशी टाकीतली पातळीही उतरते, कारण पिस्टन पुढे सरकून द्रव तिकडे भरतो. त्यामुळे पातळी घटली की आधी पॅड बघावेत. नुसतंच वरून भरत राहिलं, तर नवे पॅड घालताना द्रव बाहेर येतो आणि रंग खातो.

नळीतली एअर, म्हणजे अडकलेली हवा, काढण्याचा क्रम ठरलेला आहे. लिव्हर दाबून धरा, कॅलिपरवरचा निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) थोडा उघडा, द्रव येऊ द्या, निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. बुडबुडे येणं थांबलं आणि लिव्हर तरीही मऊ, असं झालं तर मास्टर सिलिंडरजवळच्या वरच्या बोल्टापाशी हवा अडकलेली असते. नळीवर टिचक्या मारत लिव्हर हलका हलका दाबला की ती टाकीत वर येते. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही गाड्यांना यासाठी यंत्र जोडावं लागतं, तिथे हट्ट करू नये.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण ताकद देत नाहीत. डिस्कशी त्यांचा मेळ बसेपर्यंत रिकाम्या रस्त्यावर मध्यम ब्रेक मारत, मध्ये गार होऊ देत गाडी चालवावी. आणि पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेले असतात, तेव्हा पहिला दाब रिकामाच जातो. लिव्हर घट्ट होईपर्यंत जागेवरच दाबत राहा, मगच स्टँड काढा.