पाम काकाकुवा

पाम काकाकुवा, शास्त्रीय नाव प्रोबोसिगर अटेरिमस, हा मोठा काळा काकाकुवा न्यू गिनी बेट, इंडोनेशियातली अरू बेटं, न्यू गिनीच्या पश्चिमेची मिसूलसारखी काही बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं केप यॉर्क द्वीपकल्प एवढ्याच भागात रानात राहतो. प्रोबोसिगर या प्रजातीत दुसरी कुठलीही जात नाही.

लांबी साधारण ५५ ते ६० सेंमी, वजन अर्ध्या किलोपासून किलोच्या थोडं वरपर्यंत. पिसं काळीच पण अंगावर बारीक भुकटी असते म्हणून लांबून पक्षी राखाडी दिसतो, डोक्यावर अरुंद लांब पिसांचा मागे वळलेला तुरा, आणि गालावर पिसं नसलेली लाल कातडी जी पक्षी चिडला किंवा उत्तेजित झाला की जास्त गडद होते. नरमादी दिसायला जवळपास सारखे, मादीची चोच आणि गालाचा लाल भाग थोडा लहान एवढाच फरक.

चोच हा स्वतंत्र विषय आहे. वरची आणि खालची चोच मिटल्यावरही पूर्ण जुळत नाही, मध्ये फट राहते, त्यामुळे कठीण बी जिभेने वरच्या चोचीला दाबून धरायचं आणि खालच्या चोचीने फोडायचं हे त्याला जमतं. इंग्लिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५७ मध्ये अरू बेटांवर होता, त्याने कनारी झाडाचं बी हा पक्षी कसा फोडतो याचं बारीक वर्णन करून ठेवलंय, ते बी फोडायला माणसाला जड हातोडा लागतो, आणि बी घसरू नये म्हणून पक्षी मध्ये पानाचा तुकडा धरतो हेही त्याने लिहिलंय. इतक्या जुन्या काळातलं इतकं नेमकं वर्णन क्वचितच मिळतं. याशिवाय केवड्याच्या कुळातल्या पँडॅनसची फळं, केप यॉर्कमध्ये नोंडा प्लम हे रानफळ, असं बरंच काही तो खातो.

आता वर्गीकरण, आणि इथे गुंता मोठा आहे. ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, पण त्याचा आधार एडवर्ड्स (१७६४) आणि लॅथम (१७८१) यांची आधीची वर्णनं होती. १९व्या शतकात त्याच्या वेगळ्याच जिभेमुळे त्याला मायक्रोग्लॉसस (म्हणजे लहान जिभेचा) म्हणत आणि सगळ्या काकाकुव्यांपासून बाजूला ठेवत. नंतर रंग काळा म्हणून ऑस्ट्रेलियातल्या इतर काळ्या काकाकुव्यांच्या गटात टाकण्याची पद्धत पडली, पण हा आधार कच्चा वाटतो, कारण त्या पक्ष्यांच्या शेपटीवर रंगीत पट्टे असतात आणि नरमादी चांगले वेगळे ओळखू येतात, इथे दोन्ही नाही. १९९९ मध्ये मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएवरून ब्राउन आणि टॉफ्ट या संशोधकांनी हा सगळ्यात आधी फुटलेला फाटा मानला, तर २०११ च्या जास्त मोठ्या डीएनए अभ्यासात तो पांढऱ्या काकाकुव्यांच्या बाजूचा, पण त्यांच्यापासून लवकर वेगळा झालेला असा निघाला. सध्या हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. उपजातींचंही तसंच, कुणी ३ मानतं कुणी ४. केप यॉर्कच्या पक्ष्यांना मॅकगिलिव्ह्रायी म्हणतात. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी जमिनीने जोडलेले होते, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकमेकांच्या जवळचे असणं साहजिक आहे.

केप यॉर्कमध्ये तो वर्षावन आणि निलगिरीचं मोकळं रान जिथे भेटतात त्या काठाने राहतो, खायला वर्षावन, घरट्याला मोकळ्या रानातली ढोली. मोठे थवे करत नाही. रात्री बहुतेक एकटाच उंच झाडावर बसतो, सकाळी उन्हं वर आल्यावर लहान टोळीत जमतो. उडताना पंख सावकाश मारतो आणि चोच छातीशी टेकवून ठेवतो.

सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ठोके. नर फांदी तोडून चोचीने नीट करतो किंवा ग्रेव्हिलिया झाडाची कडक शेंग घेतो, ती पायात धरून पोकळ खोडावर ठोकतो, सोबत शीळ घालतो, तुरा उभारतो, गाल लाल होतात. वूड या अभ्यासकाने १९८४ मध्ये याची शास्त्रीय नोंद केली. २०१७ मध्ये रॉबर्ट हाइनसोन आणि सहकाऱ्यांनी १८ नरांच्या १३१ वादनांचं विश्लेषण केलं, त्यात ठोके ठराविक लयीत पडतात आणि प्रत्येक नराची ढब वेगळी हे दिसलं. २०२३ च्या अभ्यासात कुणाला काठी आवडते कुणाला शेंग हेही पुढे आलं. कारणाबद्दल मतं वेगळी आहेत, नर हद्द जाहीर करतो, की आवाजावरून मादी ढोलीचा भक्कमपणा जोखते, की हा मादीपुढचा दिखावा आहे. मादी जवळ असताना हे जास्त दिसतं, म्हणून तिसरं मत वजनदार वाटतं, अर्थात एकाने दुसरं खोटं ठरत नाही. ही सवय केप यॉर्कचीच, न्यू गिनीतून तशी नोंद नाही.

ठोकून झालं की नर काठीचे बारीक तुकडे करून बरेचदा ढोलीत टाकतो. अशा काटक्यांच्या थरावर मादी एकच अंडं घालते, थरामुळे पावसाचं पाणी निचरून जात असावं असं मानतात. पिल्लू ढोलीत दोन महिन्यांहून जास्त राहतं. केप यॉर्कच्या पूर्वेकडच्या आयर्न रेंज भागात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडी सरासरी २.२ वर्षांनी एकदा अंडं घालते आणि फक्त २३ टक्के प्रयत्न यशस्वी होतात असं निघालं, म्हणजे एका जोडीचं एक पिल्लू उडायला जवळपास १० वर्षं जातात. हा आकडा समजला तरच बाकीची काळजी समजते, कारण या भागात सुतारपक्षी नाहीत, ढोली वाळवी, बुरशी आणि आगीने फार सावकाश तयार होतात, आणि तीव्र वणव्यात किंवा वेइपा भागातल्या बॉक्साइटच्या खाणींसाठी जुनी झाडं गेली की ती लवकर परत येत नाहीत. आयर्न रेंजच्या पक्ष्यांचे आवाज द्वीपकल्पातल्या इतरांपेक्षा वेगळे आहेत, त्यांचा इतरांशी संपर्क कमी असावा.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या जागतिक यादीत ही जात कमी चिंतेची धरलीय, ऑस्ट्रेलियात मात्र ती धोक्यातल्या पक्ष्यांत मोजतात. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. न्यू गिनीत शिकार आणि पिंजऱ्यासाठी पकडणं चालतं.