तुटलेलं हँडल जोडण्याआधी जस्ताची कीड तपासा

१९३० च्या दशकातल्या अमेरिकन गाडीचं दाराचं हँडल तुटलं, तर वेल्डिंगवाल्याकडे धावण्याआधी तुटलेली कड भिंगाखाली पाहावी. हा चमकता भाग पोलादाचा नसतो. जस्तात थोडं ॲल्युमिनियम नि तांबं मिसळायचं, तो रस दाबाने पोलादी साच्यात घुसवायचा आणि वर तांबं, निकेल, क्रोमचा मुलामा चढवायचा, अशी त्याची घडण. हँडल, समोरची जाळी, बॉनेटवरची मूर्ती, कार्ब्युरेटर, बरंच काही असंच बने. जुन्या गाड्या सांभाळणारे या धातूला पॉट मेटल म्हणतात.

कड करडी, दाणेदार आणि स्वच्छ असेल, तर धातू निरोगी आहे, नुसता मार बसून तुटला आहे. पण कडेवर पांढुरकी भुकटी असेल, भाग फुगून वाकडा झाला असेल, अंगभर जाळीदार भेगा असतील, तर त्याला आतून कीड लागली आहे. इथे किडा नसतो, असतं ते शिसं, कथील किंवा कॅडमियम. हे धातू जस्तात नीट विरघळत नाहीत; मिश्रण गोठताना स्फटिकांच्या सीमांवर साचतात. हवेतला ओलावा तिथे पोहोचला की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म घट तयार होतो आणि सीमेलगतचं जस्त गंजू लागतं. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून भाग आतून फुगतो आणि फुटतो. उष्ण, दमट हवेत हे झपाट्याने घडतं. मुंबई-कोकणात अशी गाडी ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

हे गुन्हेगार १९२३ साली ब्रॉअर आणि पीअर्स या संशोधकांनी उघड केले. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेली झामॅक मिश्रणं आणली. आज झामॅकमध्ये किलोमागे सुमारे ५० मिलिग्रॅमहून जास्त शिसं चालत नाही. त्यामुळे १९२० च्या दशकातल्या भागांवर संशय आधी घ्यावा. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोल ओढणारी व्हॅक्यूम टाकी असे. तिचं झाकण हमखास वाकलेलं, तडकलेलं सापडतं.

निरोगी भाग जोडता येतो, पण ज्योतीने नव्हे. लोखंड तापताना लाल होऊन इशारा देतं. तापलेला धातू साधारण ५२५ अंश सेल्सियसला मंद उजळू लागतो, आणि झामॅक तर ३८५ अंशांच्या आसपासच वितळतं. रंग बदलायच्या आत हँडल हातात ढासळतं. शिवाय पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. तो २००० अंशांपुढेही टिकतो आणि सोल्डरला धातूपर्यंत पोहोचू देत नाही.

पुन्हा क्रोम करायचं नसेल, तर माझी पसंती पिन आणि इपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाला. दोन्ही तुकड्यांत समोरासमोर भोकं पाडून पितळी पिन बसवावी आणि इपॉक्सी तिच्याभोवती पूर्ण भरावं. पितळ जस्ताला उघडं टेकलं आणि ओल आली, की जस्तच गंजणार.

क्रोम हवं असेल, तर इपॉक्सी चालत नाही. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून मुलामा बसत नाही. मग जुने थर उतरवून, खड्डे कोरून, आधी तांब्याचा थर द्यावा लागतो. तांब्यावर कमी तापमानाचं सोल्डर छान धरतं. जस्त थेट मोरचुदाच्या आम्लद्रावणात बुडवलं, तर तेच विरघळतं आणि तांबं भुसभुशीत बसतं. म्हणून पहिला पातळ थर सायनाइडच्या द्रावणात देण्याची पद्धत आहे. सायनाइड जीव घेतं. हे काम परवानाधारक प्लेटिंगवाल्याकडेच द्यावं, घरी मुळीच करू नये.

कीड लागलेल्या भागावर पैसे घालवू नयेत. जोड टिकला, तरी शेजारी नवी भेग पडते. त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यावा, त्यावरून मेणाची प्रतिकृती करावी, फुगलेली मापं जुन्या स्क्रूच्या जागांशी ताडून घासावीत आणि पितळेत ओतून घ्यावं. पितळ थंड होताना आकसतं, तेवढी वाढ मेणातच ठेवावी लागते. नवा भाग मूळच्यापेक्षा सुमारे पाव पट जड होतो. हँडलला ते जाणवत नाही, पण झडपेसारख्या हलत्या भागाची स्प्रिंग मात्र तपासून घ्यावी.