फायनल इयरचा प्रोजेक्ट कॉलेजच्या सर्व्हरवर का टिकत नाही? कोर्स सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

असाइनमेंट, हजेरी आणि इंटर्नलचे मार्क एका जागी ठेवणारे सॉफ्टवेअर हा सोलापूरच्या इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या मुलांचा फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी नेहमीचा विषय. व्हायवाच्या दिवशी ते व्यवस्थित चालते. पुढच्या जूनमध्ये मात्र सर तोच कागदी तक्ता पुन्हा काढतात. विषय घासून गुळगुळीत झाला म्हणून त्याला हलका समजणे चूक आहे. आज जगभर चालणाऱ्या अशा व्यवस्थांपैकी कित्येकांची सुरुवात विद्यार्थ्यांच्याच हातून झाली.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९६० मध्ये प्लेटो ही संगणकावर शिकवण्याची व्यवस्था सुरू केली. तिच्यावरचे ‘नोट्स’ हे चर्चेचे साधन १९७३ मध्ये डेव्हिड वूली यांनी लिहिले, तेव्हा त्यांचे वय १७ होते. वेबचा काळ आल्यावर कॉर्नेल विद्यापीठात स्टीफन गिल्फस आणि डॅन केन या विद्यार्थ्यांनी कोर्सइन्फो हे कोर्स सॉफ्टवेअर उभे केले. १९९८ मध्ये ते ब्लॅकबोर्ड कंपनीत विलीन झाले. त्याच सुमारास कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मरे गोल्डबर्ग यांचे वेबसीटी हे तसलेच सॉफ्टवेअर पसरत होते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते सांभाळण्याचे काम मार्टिन डुगियामास यांच्याकडे होते. त्यातल्या अडचणी रोज हाताळता हाताळता, पीएचडी करत असतानाच, त्यांनी मूडल हे स्वतःचे कोर्स सॉफ्टवेअर लिहायला घेतले. मूडलची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली, तीही मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणीही कोड घ्यावा आणि बदलावा अशी. पुढे २००८ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या ब्रायन व्हिटमर आणि डेव्हलिन डेली या दोघा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी इन्स्ट्रक्चर कंपनी काढली. कॅनव्हास हे तिचेच सॉफ्टवेअर.

यातले जे टिकले, त्याच्यामागे लिहिणारी मुले पास होऊन गेल्यानंतरही कोड सांभाळणारे कुणीतरी होते. कोर्सइन्फो आणि कॅनव्हासमागे कंपनी होती, मूडलमागे मोकळा कोड आणि तो वापरणाऱ्यांचा मोठा समूह. आमच्या मते खरा फरक इथेच पडतो. प्रोग्रामिंगच्या हुशारीत आपली मुले कमी पडत नाहीत.

दुसरा फरक विद्यापीठाच्या रचनेत आहे. कॉर्नेलमध्ये शिकवणारे प्राध्यापकच सहसा अभ्यासक्रम आखतात, परीक्षा घेतात आणि ग्रेड देतात. त्यामुळे तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोर्स’ हे एकच खण पुरते. आपल्याकडे व्यवस्था संलग्न कॉलेजांची. सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजे आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. संलग्न कॉलेजात सिलॅबस आणि शेवटचा पेपर विद्यापीठाचा. इंटर्नल, टर्मवर्क, जर्नल आणि हजेरी कॉलेजची. म्हणून इथल्या मुलांचे सॉफ्टवेअर लेक्चरच्या व्हिडिओभोवती फिरत नाही, ते फिरते प्रॅक्टिकलच्या बॅचभोवती आणि डिफॉल्टर यादीभोवती, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांच्या यादीभोवती. ही गरज अस्सल आहे. मूडलमध्ये ६० मुलांच्या डिव्हिजनचे २०-२०चे तीन ग्रुप करून तीच सोय होते, पण ग्रुप दर सेमिस्टरला कुणीतरी बसून करावे लागतात.

मुलांनी लिहिलेले सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पहिल्याच वर्षाच्या शेवटी कोलमडते, आणि चूक डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे माहिती साठवण्याच्या तक्त्यात असते. वर्ष आणि डिव्हिजन विद्यार्थ्याच्याच ओळीत लिहिलेली असते. मूल पुढच्या वर्गात गेले की ती ओळ बदलते आणि मागच्या वर्षीचे मार्क नव्या डिव्हिजनखाली दिसू लागतात. एटीकेटीवाल्याला, म्हणजे मागचा विषय राहूनही पुढे गेलेल्याला, एकाच वेळी दोन सेमिस्टरचे विषय असतात, ते त्या ओळीत मावत नाहीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याचे पहिले वर्षच नसते, त्यामुळे रिपोर्ट अडतो. उपाय साधा आहे: विद्यार्थी, विषय आणि नोंदणी अशी तीन वेगळी टेबले. शैक्षणिक वर्ष, सेमिस्टर, डिव्हिजन, बॅच हे सगळे नोंदणीत ठेवायचे आणि जुनी नोंदणी कधीही पुसायची नाही.

दुसरा घोळ एक्सेलचा. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक नेमके धरते. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १६ अंकी असला आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, थेट उघडून सेव्ह केली, तर शेवटचा अंक शून्य होतो. मग शेवटच्या अंकापुरताच फरक असलेली दोन मुले एकच ठरतात. तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करूनच आत घ्यावा. दोन याद्यांची जोडणीही पीआरएनवरच करावी, नावावर कधीच नको. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत. एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरे, हे इथे रोजचेच. मराठी नावे जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती आधी युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान पद्धतीत आणावी लागतात, नाहीतर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर डेटाबेसची अक्षरमाला युटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) नाही असे समजावे.

सबमिशनच्या शेवटच्या रात्री वेगळेच दुखणे निघते. ही सॉफ्टवेअरे बहुधा ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात त्या पीएचपीची एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी. मोबाइलवर स्कॅन केलेले जर्नल सहज १५ एमबीचे होते. फॉर्म ८ एमबीच्या वर गेला की पीएचपी त्यातली सगळीच माहिती टाकून देते आणि एरर न देता कोरा फॉर्म परत येतो. मुलाला वाटते जमा झाले, सरांकडे काहीच नसते. दोन्ही मर्यादा वाढवाव्यात, फॉर्मची फाइलपेक्षा थोडी जास्त ठेवावी, आणि जमा झाल्यावर वेळेसह पावती दाखवावी. पावतीची ही ओळ वगळू नये, एखाद्याचे टर्मवर्क तिच्यावर ठरते.

जुने प्रोजेक्ट बंद पडण्याचे आणखी एक ठरावीक कारण आहे. डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची जुनी फंक्शन्स डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीतून काढून टाकली गेली. लॅबमध्ये नवी आवृत्ती टाकली की ती वापरणारे सॉफ्टवेअर नुसता पांढरा पडदा दाखवते. लिहिणारी मुले तोवर पुण्यात नोकरीला लागलेली असतात.

मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर गुगल क्लासरूम घरोघरी पोहोचले आणि असाइनमेंट गोळा करण्याची गरज बरीच भागली. बॅचवार हजेरी आणि इंटर्नलचा तक्ता मात्र त्यात नाही, म्हणून मुलांच्या कामाला आजही जागा आहे. ते टिकवायचे तर डोमेन आणि कोडचे खाते कॉलेजच्या ईमेलवर हवे. विद्यार्थ्याच्या कार्डवर घेतलेले डोमेन वर्ष संपले की जाते. जानेवारीतच दुसऱ्या वर्षाची दोन मुले सोबत घ्यावीत, म्हणजे एप्रिलपर्यंत दोन-तीन दुरुस्त्या त्यांच्या हातून झालेल्या असतात. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि अपलोडचे फोल्डर दोन्ही लागतात; नुसता डेटाबेस घेतला तर यादीत जर्नलचे नाव दिसते, पण फाइल उघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत लॅबच्या दुसऱ्या पीसीवर तो बॅकअप चढवून मागच्या सेमिस्टरचे एखादे जर्नल उघडून बघावे. हे काम मूळ लिहिणाऱ्याने करू नये, त्या दोघा नव्या मुलांकडूनच करून घ्यावे.