नमुना ‘दहा टक्के’च का नसतो?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची पाहणी करायची म्हटली की ‘किमान दहा टक्के शेतकरी घ्या’ असे ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे आणि त्यात मेहनत वाया जाते, म्हणून हा खुलासा.

नमुन्याची अचूकता एकूण संख्येच्या टक्केवारीवर नव्हे, तर मुख्यतः नमुन्यातील प्रत्यक्ष संख्येवर अवलंबून असते. प्रादुर्भावाचे प्रमाण आधी माहीत नसेल, तर सर्वांत प्रतिकूल म्हणून ते 0.5, म्हणजे निम्म्या शेतांत, धरतात. 95 टक्के विश्वासपातळी (शंभरपैकी सुमारे 95 वेळा अंदाज ठरलेल्या मर्यादेत येणे) व 5 टक्के त्रुटीमर्यादा (अंदाज खऱ्या प्रमाणापासून जास्तीत जास्त किती हलू शकतो) हवी असल्यास, 95 टक्क्यांसाठी ठरलेल्या 1.96 या आकड्याच्या वर्गाला 0.25 ने गुणून 0.05 च्या वर्गाने भागावे. उत्तर सुमारे 385 येते. एकूण संख्या मर्यादित असल्याची दुरुस्ती लावल्यास दोन लाख शेतकऱ्यांसाठीही 384 पुरतात, दहा टक्क्यांच्या हिशेबाने मात्र 20,000 शेते तुडवावी लागतील. उलट, 300 शेतकऱ्यांच्या गावात दहा टक्के म्हणजे अवघे 30, आणि तेथे त्रुटी 17 टक्क्यांपर्यंत जाते; 5 टक्के त्रुटीमर्यादेसाठी हीच दुरुस्ती लावूनही 169 जण लागतात. त्रुटीमर्यादा निम्मी करायची, तर मोठ्या क्षेत्रात नमुना चौपट होतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. रस्त्यालगतची सोयीची शेते निवडली, तर 385 चा आकडा निरर्थक ठरतो; निवड सर्व शेतकऱ्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकूनच व्हावी. शिवाय शेजारच्या शेतांत प्रादुर्भाव बहुधा सारखाच असतो, त्यामुळे मोजकीच गावे घेतल्यास नमुना आणखी वाढवावा लागतो.